कानटोपीतली केळ

"या वर्षी केळ मेली, तर गणपतीत तू घरात दिसू नकोस," थंडीची चाहूल लागताच जयमालाने नवऱ्याला, नंदकिशोरला, बजावलं.

धमकीला कारण होतं. जपानातल्या आधीच्या हिवाळ्यात नंदकिशोर सबनीसने केळ नुसत्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली होती आणि ती आतल्या आत कुजली होती. परिणामी गणपतीचा नैवेद्य केळीच्या पानाचं चित्र छापलेल्या कागदी ताटांत वाढावा लागला. जवळच्याच इचिकावाहून आलेल्या मैत्रिणीने, केतकीने, ताट फिरवून फिरवून पाहिलं. "पानाचं टोक डावीकडे हवं ना गं? याला टोकच छापलेलं नाही!" जयमाला हसली, आणि पाहुणे जाताच तिने नवी केळ आणली. बाशो नावाची ही जपानी केळ शोभेची. तिची फळं खाण्यालायक नसतात, पण पानं अशी की पंगत उठावी.

रोपवाटिकेतल्या बाईंनी सांगितलं होतं: पानं छाटा, खोडाला पेंढा गुंडाळा, वरून पाणी आत जाऊ देऊ नका. पेंढा दुकानात संपला होता. मग नंदकिशोरने खोडाला गोधडी गुंडाळली, तिच्यावर आईने विणलेला मरून स्वेटर चढवला, मफलर आवळला, शेंड्यावर पिशवी घातली आणि ती उडू नये म्हणून कानटोपी ओढली.

"छान उबेत आहे," जयमाला म्हणाली.

सबनीस राहत त्या फुनाबोरीतल्या गल्लीला मात्र वेगळंच दिसलं. पुढच्याच रविवारी गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष ओमोरी-सान चार जणांना घेऊन फाटकाशी आले. मोठ्या भूकंपानंतर मंडळाने ठरवलं होतं की संकटात एकही म्हातारं माणूस मागे राहता कामा नये.

"सबनीस-सान," पंचाहत्तरीच्या ओमोरींनी वाकून विचारलं, "कुंपणाआड दिवसभर उभे असतात, ते कोण?"

नंदकिशोरला प्रश्न नीट कळला. उत्तरही सोपं होतं. पण जपानी कंपनीत राहून तो एक गोष्ट पक्की शिकला होता: वयाने मोठ्या माणसाला चारचौघांत 'तुमचं चुकतंय' म्हणायचं नाही.

"माझे वडील," तो म्हणाला. "त्यांना मोकळी हवा आवडते."

चौघांनी माना डोलावल्या. ओमोरींनी संत्र्यांची पिशवी ठेवली, जाताना कुंपणावरून जरा वेळ आत पाहिलं, केळीला वाकून नमस्कार केला आणि निघाले.

"वडील?" जयमाला ओरडली. "बाबा तिकडे चिंचवडला रोज टेकडी चढताहेत!"

"मग काय सांगू? तुम्हाला झाड आणि माणूस यातला फरक कळत नाही, असं?"

"तो स्वेटर काढ आधी."

"काढतो. उद्या केळ गारठली की केतकीला कळवतो."

स्वेटर राहिला. मग गल्लीने आजोबांची काळजी वाहायला सुरुवात केली. कुणी फाटकावर अंगाला चिकटवायच्या गरम पट्ट्यांचं पाकीट अडकवून जाई, कुणी सुपाचा डबा ठेवून. जयमालाला डबे भरून परत पाठवावे लागत. चकल्या संपल्या, शंकरपाळे संपले. शेवटी तिने युक्ती काढली. स्वेटर-कानटोपी उतरवून केळीला आपली गुलाबी शाल लपेटली आणि वर स्कार्फ बांधला. म्हणजे आजोबा भारतात परतले, असं सांगता येईल.

संध्याकाळी ओमोरी थांबले. शालीकडे गंभीरपणे पाहून म्हणाले, "आईही आल्या? फार चांगलं झालं."

दुसऱ्या दिवसापासून फाटकावर दोन डबे येऊ लागले.

फेब्रुवारीत भूकंपाचा सराव ठरला. ज्यांना चालवत नाही त्यांना स्ट्रेचरवरून बागेत न्यायचं होतं. "आज मी सगळं खरं सांगणार," असं म्हणत नंदकिशोर दाराशी उभा राहिला. तेवढ्यात हेल्मेट घातलेले सहा जण आत शिरले. भाड्याचं घर म्हणून केळ मोठ्या कुंडीत होती. त्यांनी कुंडीसकट केळ अलगद आडवी केली, पट्टे बांधले आणि उचलली.

"डोकं! डोकं सांभाळा!" जयमाला स्कार्फ धरून मागे धावली. शेंड्यातून पाणी आत गेलं असतं तर सगळंच मुसळ केरात.

बागेत हजेरी झाली. "सबनीस आजोबा? आजी?"

"हजर," नंदकिशोर म्हणाला. केळीपुढे वाफाळत्या सुपाची वाटी ठेवली गेली. आता मात्र त्याला राहवेना.

"ओमोरी-सान, मला माफ करा. हे माझे वडील नाहीत. ही—"

ओमोरींनी हात वर केला. "बाशो आहे. पहिल्याच दिवशी कुंपणावरून दिसलं. आमच्या गावच्या घरीही होती. पण तुम्ही 'वडील' म्हणालात. तुमच्या देशात झाडांना थोरांचा मान देतात, हे आम्ही ऐकून आहोत. या काळात वडिलांना कोण इतकं जपतं? आमच्या मुलांना मी रोज तुमचं उदाहरण देतो."

भोवतालची सगळी गल्ली आदराने वाकली. पंचाहत्तरीचा माणूस, आणि तोही चारचौघांत. नंदकिशोर कमरेत आणखी वाकला आणि म्हणाला, "आभारी आहे."

केळ जगली. एप्रिलमध्ये कोंब फुटला, पावसाळ्यात ती कुंपणाच्या वर गेली आणि गणपतीपर्यंत नंदकिशोरलाही झाकेल एवढी पानं आली. गणपतीच्या सकाळी जयमाला सुरी घेऊन खाली उतरली. खालचं रुंद पान तिने हातात धरलं, तोच समोर झाडणारे ओमोरी थांबले. झाडू बाजूला ठेवून त्यांनी केळीला नमस्कार केला.

"आजोबांची तब्येत काय सुधारली आहे!"

जयमालाने सुरी पदराआड नेली आणि पानावरची धूळ पुसली.

दुपारी पंगत बसली. केतकीने खिडकीतून केळ पाहिली, समोरचं ताट पाहिलं. "काय गं, दारात एवढी केळ उभी, आणि पुन्हा कागदी ताटं?"

"मग काय करू?" जयमाला वरणाचा डाव आपटत म्हणाली. "सासऱ्यांचे हात तोडू?"