अप्पांच्या गाडीचा काटा

आमच्या गल्लीत रोज सकाळी दोन ठिकाणी विभूती लागायची. एक अप्पांच्या कपाळाला आणि दुसरी त्यांच्या गाडीच्या इंजिनाला.

कपाळाची विभूती पूजेची. इंजिनाची मात्र निव्वळ संशयाची. रबरी नळ्या जिथे जिथे जोडलेल्या असतात, त्या प्रत्येक सांध्यावर अप्पा चिमूटभर विभूती टाकायचे आणि गाडी चालू करायचे. जिथली विभूती उडेल तिथून हवा गळते, असा हिशेब. पण इंजिनाचा पंखा त्यांचं थोडंच ऐकणार? तो सगळीच विभूती उडवायचा आणि ती थेट अप्पांच्या तोंडावर यायची. मग पांढराफटक चेहरा घेऊन अप्पा रस्त्याकडे बघायचे आणि कुणीही दिसलं तरी सांगायचे, "कुठंतरी गळतंय बघा."

नवख्या माणसाला हे गाडीच्या पूजेसारखं वाटे. एक बाई तर एकदा बॉनेटवर जास्वंदीचं फूल ठेवून, हात जोडून गेल्या.

अप्पा गुळाचे व्यापारी. मार्केट यार्डात त्यांची पिढीजात अडत होती. गुळाच्या ढेपेवर नुसतं बोट दाबून ती राधानगरीकडची की कागलकडची हे ते सांगत, पण गाडीतलं त्यांना तेवढंच कळत होतं जेवढं मला. मी पाटबंधारे खात्यातला कारकून. गाडी चालू होते आणि बंद पडते, याच्या पलीकडे मला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण अप्पांच्या शेजारी राहायचं आणि टर्बोबद्दल ऐकायचं नाही, ही सोय आमच्या गल्लीत नव्हती.

तर टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. कोंबलेल्या हवेचा दाब दाखवायला स्टिअरिंगच्या बाजूला एक गोल तबकडी बसवलेली, तिच्यात काटा. इंजिनापासून एक बारीक नळी त्या तबकडीपर्यंत येते. चढावर गाडीला जोर दिला की काटा वर चढायला हवा. अप्पांचा काटा अर्ध्यावर जाऊन थांबायचा. गाडी चांगली पळायची, धूर नाही, कुरकुर नाही. पण काटा अर्ध्यावर म्हणजे अर्ध्यावर. दोन हजार सालाच्या आसपासची चार-पाच वर्षं हा माणूस त्या उरलेल्या अर्ध्याच्या मागे होता.

खिशात हातभर रबरी नळी सदैव असायची. एक टोक कानात घालायचं आणि दुसरं इंजिनावर फिरवत हवेची शिट्टी ऐकायची, ही त्यांची दुसरी पद्धत. पुढे पुढे ती नळी गाडीपुरती राहिली नाही. त्यांनी आमचा कुकर ऐकला. माझी स्कूटर ऐकली आणि मान हलवून निघून गेले, काय ऐकलं ते सांगितलंसुद्धा नाही. एकदा बोलता बोलता ती माझ्याच छातीला लावली. "सायेब, सिगरेट सोडा. कुठंतरी गळतंय." मी चिडलो. पण सिगरेट त्या महिन्यात सोडली, हे कबूल करायला हवं.

आता हसणं थोडं बाजूला ठेवतो.

ती तबकडी अप्पांची नव्हती. त्यांच्या मुलाची, शिवूची होती. शिवू इंजिनिअरिंगला होता, गाड्यांचा वेडा. ही गाडी त्यानेच बापाच्या मागे लागून घ्यायला लावली. तबकडी त्याने बंगळूरहून आणली आणि ती खोक्यातून बाहेर काढायच्या आधीच त्याला कावीळ झाली. आठवडाभरात तो गेला. एकुलता एक. त्या दिवसांत अप्पांच्या घरासमोरून जाताना आम्ही पाय न वाजवता चालायचो.

अप्पा महिन्याभराने यार्डात जायला लागले. गौराक्का, म्हणजे त्यांची बायको, उंबऱ्याच्या आतच राहिली. देवळात नाही, लग्नाकार्यात नाही, शेजारी आमच्याकडे हळदीकुंकवालाही नाही. आमच्या हिच्याशी खिडकीतून दोन शब्द बोलायची, तेही शिवूचा विषय निघेल म्हणून अर्धवट सोडायची. असं वर्ष गेलं. बाई दिवसेंदिवस वाळत चालली होती. डॉक्टर म्हणाले, बाहेर काढा यांना. अप्पांनी सगळे उपाय केले. समजूत घातली, ओरडले, एकदा तर तिच्या पायाशी बसून रडले. ती उठली नाही.

मग एका रविवारी अप्पांनी ते खोकं काढलं. गॅरेजवाल्या रफिक मेस्त्रीकडून तबकडी बसवून घेतली आणि दारात गाडी उभी करून आत हाक मारली, "गौरा, शिवूचा काटा बशिवलाय. चढावर मी रस्ता बघू का काटा बघू? कुणीतरी बघाय पायजे की."

मग गौराक्का बाहेर आली, डोक्यावर पदर घेऊन, चपला शोधत. वर्षभरात चपला कुठे ठेवल्यात हेही ती विसरली होती.

पन्हाळ्याची चढण ही त्यांची परीक्षेची जागा. एरवी बैलगाडीच्या वेगाने जाणारे अप्पा, घाट जिथे सुरू होतो त्या वाघबिळाच्या पुढे पाय दाबायचे आणि गौराक्का तबकडीवर नजर लावून मोठ्याने सांगायची. आकडे इंग्रजी म्हणून तिने स्वतःचं माप काढलं. "पाव... पाव... अर्धा. अर्ध्यावर थांबला." परत येताना अप्पा सबंध रस्ताभर गळतीवर चर्चा करायचे. पुढच्या रविवारी पुन्हा.

आधी आधी वर पोचल्यावर ती गाडीतच बसून राहायची. मग खाली उतरायला लागली. मग झुणका-भाकरीवालीला, "पिठल्यात मिरची किती घालतीस गं," असं विचारण्यापर्यंत मजल गेली. एकदा तिथून आमच्यासाठी दह्याचं मडकं घेऊन आली आणि आमच्या स्वयंपाकघरात तासभर बसली. शिवूबद्दल बोलली. रडली आणि चहा पिऊन घरी गेली. त्या दिवशी आमची ही मला म्हणाली, "तो काटा असाच बिघडलेला राहू दे रे देवा." आम्ही दोघंही हसलो होतो.

घोटाळा केला रफिक मेस्त्रीने, आणि तोही प्रेमापोटी. खंडेनवमीला गाड्या धुऊन पुजायच्या असतात, म्हणून अप्पांनी गाडी त्याच्या गॅरेजवर सोडली. रफिकला वाटलं, बिचारा म्हातारा इतकी वर्षं काट्यासाठी तळमळतोय, सणाला त्याला खूश करू. त्याने तबकडीकडे जाणारी जुनी नळी काढून टाकली आणि चांगली जाडजूड नवी बसवली. बॉनेटला झेंडूचा हार घालून, हॉर्न वाजवत गाडी गल्लीत आणली. "अप्पा, काटा फुल्ल! बारक्या नळीला चीर हुती बघा. वैनी, मिटलं तुमचं काम!"

सगळी गल्ली गोळा झाली. पेढे कुणी आणले कोण जाणे. अप्पांनी पेढा तोंडात धरला होता, तो ते गिळतच नव्हते. गौराक्काने दारातून सगळं ऐकलं, "बरं झालं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दसरा झाला. रविवारी सकाळी मी दूध घेऊन येत होतो, तर अप्पा बॉनेट उघडून आत वाकलेले. हातात गोधडी शिवायचा दाभण. तो ते नव्या नळीत खुपसत होते आणि नळी दाद देत नव्हती. दाभण वाकला होता, बोटातून रक्त आलं होतं.

"अप्पा, अहो काय करताय?"

त्यांनी वर बघितलं. आज तोंडावर विभूती नव्हती, त्यामुळे म्हातारा एकदम उघडा दिसला.

"गळती मला पयल्याच म्हैन्यात घावली हुती, सायेब. चीर त्या बारक्या नळीलाच हुती. गाडीला काय झालंच नव्हतं." दाभण सरळ करत ते म्हणाले, "काटा भरला तर ती कशाला यील? सांगा की. काटा बघाय म्हणून येत हुती. आता मी तिला काय म्हणून हाक मारू?"

इतकी वर्षं ती विभूती, ती कानातली नळी, ती चर्चा, सगळं हा माणूस एका बाईला उंबऱ्याबाहेर काढण्यासाठी करत होता, आणि मी त्याला चक्रम समजून ऑफिसात त्याच्या नकला करत होतो.

"तुमी बी चला आज," अप्पा म्हणाले. "काटा भरल्यावर ती गप झाली, तर मला एकट्याला झेपायचं न्हाय."

दूध घरी टेकवून मी मागच्या सीटवर बसलो. हाक न मारताच गौराक्का आली. पदर खोचलेला, हातात पाण्याची बाटली. गाडीत बसून तिने तबकडीची काच पदराने पुसली. वाघबिळ मागे पडलं.

चढण सुरू झाली. अप्पांनी पाय दाबला. नजर रस्त्यावर, पण जबडा आवळलेला. मला मागून तबकडी स्वच्छ दिसत होती. काटा पाव ओलांडून गेला, अर्धा ओलांडला, पाऊण ओलांडून थेट शेवटच्या खुणेला जाऊन टेकला आणि तिथेच राहिला.

"पाव," गौराक्का म्हणाली. थोडं थांबली. "अर्धा. अर्ध्यावर थांबला बघा."

अप्पांनी तबकडीकडे पाहिलं नाही. त्यांचे डोळे भरले होते आणि समोरून ऊस भरलेली ट्रॉली येत होती, म्हणून त्यांनी गाडी जरा कडेला घेतली.

"बघितलंस न्हवं नीट?" त्यांनी विचारलं.

"बघितलं की. माझं डोळं काय गेल्यात व्हय?" ती म्हणाली. मग बाटलीचं झाकण घट्ट लावत पुढे म्हणाली, "पुढच्या आयतवारी निपाणीकडं नेऊ. सपाट रस्त्याला कसा जातोय बघाय पायजे."

निपाणी तिचं माहेर. शिवू गेल्यापासून ती तिकडे गेली नव्हती. अप्पांनी गियर बदलला. मग म्हणाले, "सकाळी लवकर निघू."