याकोबकाकांची खरी मापं

मागच्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, मोताळ्याच्या बस स्टँडसमोर याकोबकाकांवर अन्याय झाला. तीनशे पत्रकं वाटून झाला. पत्रक मी लिहिलं होतं.

याकोबकाका आमच्या गल्लीतले शिंपी. गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की ते कापड किती वाईट आहे हे आधी सांगणार, मग माप घेणार. "दोन धुण्यात रंग जाईन याचा. मंग माह्या नावानं बोंबलू नका." एका नवरदेवाची पँट घट्ट झाली, तर सासरा तावातावानं दुकानात आला. काका म्हणाले, "मापात चूक नाही. पोरगं साखरपुड्यापासून जेवूनच राह्यलं."

गोड बोलत जा, धंदा वाढेल, असं कुणी सांगितलं की गळ्यातली टेप छताकडे करून म्हणायचे, "तो ऐकून राह्यला ना." तो म्हणजे येशू. दुकानात त्याची तसबीर नाही की क्रूस नाही. आपण ख्रिस्ती आहोत हे बोलण्यावरून कळलं पाहिजे, भिंतीवरून नाही, असं त्यांचं म्हणणं. शपथ तर ते घेतच नाहीत. मी लहानपणी कारण विचारलं, तर म्हणाले, "शप्पथ घेतली म्हंजे बाकीच्या वेळी खोटं बोलतो असं झालं ना बे."

माझी शाळेची खाकी हाफपँट दर जूनमध्ये तिथंच शिवली जायची. आई म्हणायची, "भाऊजी, वाढत्या अंगाची शिवा."

"तीन वर्षं मापून राह्यलो, वहिनी. हे पोरगं वाढत नाही."

मी रडकुंडीला यायचो. मग काका चिंध्यांचा चेंडू शिवून द्यायचे. तो टप्पा घेणार नाही, हेही आधीच सांगायचे. तरी त्या मशीनच्या आवाजात घालवलेल्या दुपारी मला अजून आठवतात.

मग पाण्याचं प्रकरण झालं. गल्लीच्या नळाला पाणी येईना. मी पेटलो. अर्जात ठोकून दिलं : पाच महिने थेंबही नाही. पाणीपुरवठ्याचे साहेब पाहणीला आले, गल्ली जमली, आणि सगळ्यांसमोर काका म्हणाले, "थेंब नाही कसं? मंगळवारी आलं होतं. अर्धा घंटा. मी दोन हंडे भरले."

साहेब हसले आणि गाडीत बसले. माझं डोकं फिरलं. "काका, कोणाच्या बाजूनं हाय तुम्ही?"

"तुह्याच. पन खोट्यावर सही नाही करत मी."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. पत्रकात मी त्यांना नाव घेऊन फितूर म्हटलं. गल्लीनं कपडे दुसऱ्या शिंप्याकडे टाकले. काकांच्या ओट्यावर कुणी बसेना.

पुढचं त्या पत्रकात नाही, म्हणून इथं लिहितो. साहेब पुन्हा आले ते एकटे, आणि थेट काकांकडे. काकांनी सांगितलं, कोणत्या वारी, किती वेळ, किती हंडे. साहेबांनी ते शब्दाला शब्द उतरवून घेतलं. त्यावरून नवी पाइपलाइन पडली. माझा अर्ज कुणी उघडलाही नाही.

मी माफी मागायला गेलो तो रविवार होता. दुपारचे चार.

"काका, माझं चुकलं."

"हाव. लय चुकलं. बस."

सतरंजी अंथरलेली होती. स्टुलावर सहा कप पालथे घातलेले. पातेल्यात शिरा झाकलेला. काकू गेल्यापासून स्वयंपाक तेच करतात.

"कोणी येऊन राह्यलं काय?"

"शेखमास्तर म्हणाले, रविवारी येतो. वानखडेवहिनी बी म्हणाल्या, पोराईले घेऊन येते."

"कधी म्हणाले?"

"नळ सुरू झाला तेव्हापासून. रस्त्यात भेटले की म्हणतात."

"मग, आले कधी?"

"अजून नाही."

मला राहवेना. "काका, ते तोंडदेखलं असते. तुम्ही दर रविवारी काऊन मांडून बसता?"

काकांनी एक कप सुलटा करून माझ्यापुढे ठेवला. "येतो म्हणाले ना. मी त्याईले खोटं कसं समजू?"

शिऱ्यात साखर जास्त झाली, असं ते म्हणाले. झालीच होती. मी दोनदा वाढून घेतला.

गल्लीतल्या लोकांनो, आणि हे वाचणारे तुम्हीही. ज्याला तुम्ही 'रविवारी येतो' असं सांगितलंय, त्याच्याकडे या रविवारी जा. जायचं नसेल, तर आजच त्याच्या तोंडावर नाही म्हणून सांगा.