पंधरा लिंबं आणि एक पांढरा कांदा

ऑफिसच्या स्नेहसंमेलनात यंदा कॅरमऐवजी पूल, म्हणजे टेबलावर काठीने चेंडू ढकलायचा खेळ, ठेवायचा आणि प्रत्येक घरातून एकच खेळाडू घ्यायचा, असं ठरलं. आमच्या घरातून कोण, हा प्रश्न मला पडलाच नाही. (मला प्रश्न उशिराच पडतात.) गेली तीन वर्षं संगमनेर शाखेचा कल्याण मला कॅरममध्ये धूळ चारत होता. त्याला मी लगेच फोन करून सांगून टाकलं, की या वेळी ट्रॉफी नगरलाच येईल. आता माघार घेणं म्हणजे वर्षभर त्याची टोमणेबाजी ऐकणं.

सावेडीतल्या क्लबात अवधूत पूल शिकवतो. सगळ्या अंगांनी तयारी होईल असा खेळ कोणता, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, एट-बॉलने डोकं चालतं, नाइन-बॉलने पांढरा चेंडू ताब्यात येतो, पण सगळं एकदम शिकायचं तर वन-पॉकेट. टेबलाला खिसे सहा, त्यातला आपला एकच. पंधरापैकी आठ चेंडू आधी आपल्या खिशात घालेल तो जिंकला. नेम, धीर, समोरच्याची अडवणूक, सगळं त्यात आलं.

रोज क्लबात जायला घरून परवानगी नव्हती, म्हणून सराव घरीच सुरू केला. खर्ड्याहून आलेल्या सासूबाईंनी, म्हणजे चांगुणाबाईंनी, लोणच्यासाठी लिंबं आणली होती. त्यातली पंधरा मी जेवणाच्या टेबलावर मांडली. पांढरा चेंडू म्हणून पांढरा कांदा घेतला, दोन कोपऱ्यांना पिशव्या चिकटवल्या आणि जळमटं काढायची काठी हातात धरली. नेम धरून काठी जोरात मागे ओढली. कांदा जागचा हलायच्या आत खळ्ळकन आवाज झाला. काठीच्या मागच्या टोकाने ओट्यावरची बरणी फोडली होती. सासूबाईंनी गेल्या वर्षी घातलेलं आणि माझ्या बायकोने, वृषालीने, पाहुण्यांपासूनही लपवून ठेवलेलं लोणचं फरशीवर पसरलं.

वृषालीने एकदा काठीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. (हे बोलण्यापेक्षा वाईट असतं.) ती फडकं आणायला गेली.

सासूबाई काचा चुकवत टेबलापाशी आल्या आणि हे काय मांडलंय म्हणून विचारू लागल्या. मी घाबरत घाबरत वन-पॉकेट समजावलं.

"म्हंजी गल-गोट्याच की," त्या म्हणाल्या. "काठी द्या हिकडं."

खळग्यात गोटी घालायच्या त्या खेळात लहानपणी त्यांनी खर्ड्यातल्या सगळ्या पोरांच्या गोट्या जिंकल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. कांदा हलकेच लिंबाला लागायचा आणि लिंबू गुमान त्यांच्या पिशवीत जायचं. आठ लिंबं गेली, तोवर काठी माझ्याकडे आलीच नाही.

"आपल्या घरातून आई खेळेल," फरशी पुसता पुसता वृषाली म्हणाली.

रविवारी स्नेहसंमेलनात कल्याण सासूबाईंकडून आठ-दोनने हरला. मला खरंच फार आनंद झाला. ट्रॉफी नगरला आली, मी खोटा ठरलो नाही. हल्ली कल्याणचा फोन येतो, पण आई आहेत का, असं विचारायला.

सासूबाई परत निघाल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, की सगळ्या अंगांनी तयार व्हायला कोणता खेळ चांगला.

"कंचाबी चालतोय, जावईबापू," त्या म्हणाल्या. "फकस्त काठीला मागनंबी टोक असतंय, एवढं ध्यानात ठिवा."

ते माझ्या चांगलंच ध्यानात आहे. घरातली जळमटं तेव्हापासून मीच काढतो.