मनातलं वादळ आणि मामाजींचा कापूस

भावना तोंडाने बोलून दाखवणारी माणसं मला कच्ची वाटतात! मी ढगांचे फोटो काढतो. राग, विरह, हुरहुर, सगळं ढगांत! आदिलाबादच्या आमच्या बँकेत मला त्याबद्दल मान आहे. निदान तोंडावर तरी!

परवा रविवारी बायकोनं, म्हणजे सुवर्णानं, माझा 'विरह' हा फोटो चक्क लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवला. मी भांडलो नाही. गच्चीवर गेलो. डिसेंबरचं कोरडं आभाळ, त्यात एकच पांढरा ढग. त्याचा फोटो काढून मोबाइलमध्ये तो इतका काळा केला, की माझा मलाच घाम फुटला! खाली 'वादळ' असं लिहिलं आणि स्टेटसला टाकला. सुवर्णानं तो बघावा आणि डोळे पुसत वर यावं, एवढीच माफक अपेक्षा!

ती आली नाही. फोन आला, सासऱ्यांचा. चंपतराव, म्हणजे आमचे मामाजी, गुडीहत्नूरजवळच्या खेड्यात कापूस पिकवतात.

"जवाईबापू, बरं झालं फोटो टाकला! अंगणातला समदा कापूस गाठोडी बांधून घरात भरला. तुमची सासू चुलीपाशी पोचू नाही राह्यली! पण इकडं तर लख्ख ऊन हाय. पाणी येऊन राह्यलं ना?"

मी फोन कानाला लावूनच जिना उतरू लागलो! "मामाजी, मी... मी येऊनच सांगतो!"

सुवर्णाला मागे बसवून मोटारसायकल पिटाळली. फाटकातच शेजारचा खुशाल दात काढत उभा.

"काय हो जवाई, तुमचं वादळ कुठं अटकलं?"

घरात आढ्यापर्यंत गाठोडी! त्यांच्यावर सासूबाई उपाशी बसलेल्या. मी हात जोडले.

"मामाजी, माफ करा! ढग पांढराच होता, काळा मी केला. ते माझं मन होतं!"

"मन? अन् येवढं काळं? काऊन?"

आता लोणच्याच्या बरणीचं कसं सांगू? तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. कापूस न्यायला उद्या येणारी जिनिंग मिलची गाडी आजच आली होती, आणि ड्रायव्हर थांबायला तयार नव्हता! आमची गाठोडी भराभर चढली. खुशाल मात्र अजून आपल्या अंगणात कापूस गोळाच करत होता.

"जवाई असावा तर असा!" मामाजींनी मला मिठी मारली आणि माझा जीव भांड्यात पडला.

परतताना मी हळूच विचारलं, "फोटो पाहून काय वाटलं गं?"

"छान होता. आत्ताच बाबांच्या मोबाइलवर पाह्यला."

"बाबांच्या? आणि तुझ्या?"

"अहो, तुमचं स्टेटस मी केव्हाच म्यूट केलं. रोज उघडलं की ढगच!"

यावरची भावना मला तिथल्या तिथे टिपायची होती हो! पण वर पाहिलं, तर आभाळात एकही ढग नाही!