पातं येगळं, बैठक येगळी

उन्हाळ्यात सगळं कारंजा गाव बर्फ खायचं, श्रावणमामा तेवढे बर्फावर उभे राहायचे. रविवारी सकाळी गोणपाटात गुंडाळलेली लादी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायची, अंगणातल्या लिंबाखाली भुसा पसरून त्यावर ठेवायची, फौजी बुटाच्या तळाला चामडी पट्ट्यांनी एक पोलादी पातं आवळायचं आणि खांद्यावर पंचा टाकून लादीवर चढायचं. लादी ती केवढी, पाय जरा सरकला की संपली. मामा तेवढंच सरकायचे, उतरून पातं डोळ्यांसमोर धरायचे आणि नापसंतीनं मान हलवायचे. उरलेला बर्फ गल्लीतली पोरं पळवायची.

मी तेव्हा एसटीत नवा कारकून होतो आणि मामांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली होती. पोहरादेवीच्या बाजूचा माणूस मी, नवसाचे नाना प्रकार पाहिलेले. हाही त्यातलाच एक असेल असं वाटून पहिल्याच रविवारी विचारलं, "मामा, कोनता नवस हाये हा?"

"नवस कायचा बावा? डिझाइन हाये."

मामा तरुणपणी फौजेत फिटर होते आणि त्यांची बदली शिमल्याला झाली होती. तिथं हिवाळ्यात मैदानावर पाणी गोठवतात आणि बुटाला पातं लावून बायामाणसं त्यावर घसरत खेळतात. सुट्टीच्या वेळात मामा त्या पात्यांना धार लावून द्यायचे. नोकरी सुटली, मामा गावी येऊन कापसाच्या जिनिंगात फिटर झाले, पण डोक्यातून ते पातं काही निघालं नाही. ज्या गावात बर्फ फक्त गोळ्यात आणि लग्नाच्या सरबतात, त्या गावात राहून मामा बर्फावरच्या बुटांची सुधारणा करत होते. हौसेला मोल नसतं म्हणतात. मामांच्या हौसेला तर गावही लागत नव्हतं.

सुधारणा काय, ते त्यांनी मला दाढी करता करता समजावलं. शिमल्याच्या बुटांना पातं आणि ते धरणारी बैठक सगळं एकसंध लोखंड असायचं. धार लावून लावून पातं झिजलं की आख्खा सांगाडा फेकायचा.

"आता मले सांग," मामा फेसाळलेल्या तोंडानं म्हणाले, "ब्लेड बोथटलं त तू दाढीचं मशीन फेकतं का? नाही न? मंग? पातं येगळं पायजे, बैठक येगळी पायजे."

हे वाक्य म्हणजे मामांचा मंत्र होता. ते कुठंही लागू पडायचं. शेजारी नवराबायकोचं भांडण झालं, की मामा कुंपणावरून सांगायचे, "भांडन येगळं, भाकर येगळी. भांडन झिजू द्या, भाकर कायले फेकता?" माझी बस कामरगावजवळ बंद पडली तर मलाच ऐकवलं, "इंजन येगळं, डायवर येगळा. त्याले कायले शिव्या देतं?" एका लग्नात नवरदेव घोड्यावरून पडला तेव्हा मामा काय म्हणाले असतील ते सांगायला नको.

पात्याचं काम त्यांना जमलं होतं. जिनात टाकून दिलेल्या पोलादी पट्ट्या घासून ते पाती करायचे आणि प्रत्येकीच्या तळाला मधोमध उथळ नाली कोरायचे. "सपाट पातं नुसतं घसरते. मधात नाली असली, का दोन्हीकून धार भेटते. मंग मानूस वळू शकते," असं म्हणून मला बोटानं ती नाली चाचपायला लावायचे. हाताला काय कळायचं ते देव जाणे, मी "वा" म्हणायचो.

घोडं अडलं होतं बैठकीवर. सागवानाची केली, ती पाण्यानं फुगून तडकली. लोखंडाची केली, ती इतकी जड झाली की मामांना पाय उचलायला हात लावावा लागला. मग त्यांची नजर प्लास्टिकवर गेली. तेव्हा आमच्याकडे प्लास्टिकच्या बादल्या येऊन दोन-तीन उन्हाळेच झाले होते. फुटक्या बादल्या, तडकलेले मग, मोडके कंगवे गोळा करून मामा अंगणात कढईत वितळवायचे आणि मातीच्या साच्यात ओतायचे. त्या वासानं गल्लीतली कुत्रीसुद्धा दुसरीकडे झोपायला जायची. इतकं करून बैठक थंड झाली की पहिल्याच वजनाला कट्‌कन मोडायची.

"उन्हानं तळलेलं प्लास्टिक हाये हे," मामांनी निदान केलं. "नवं पायजे. ऊन न पाह्यलेलं."

ऊन न पाहिलेलं प्लास्टिक गावात एकच होतं. ती सखूमामींची लाल बादली.

सखूमामी म्हणजे मामांची बायको. अकोल्याहून आणलेली ती बादली त्यांनी पाहुण्यांसाठी कोनाड्यात झाकून ठेवली होती आणि पाहुण्यांनाही ती नुसती दाखवली जायची. मामींची जीभ तिखट, हात सढळ. माझ्या कित्येक रात्री त्यांच्या ठेच्यावर निभावल्या. लहानपणीच्या तापात त्यांचा डावा पाय आखूड राहिला होता. घरात त्या वाऱ्यासारख्या फिरायच्या, पण चारचौघांत त्यांना चालताना कुणी पाहिलं नव्हतं. लग्नाला जायच्या तर वरात यायच्या आधी जाऊन बसायच्या आणि मांडव रिकामा झाल्यावर उठायच्या. मामाही मग तोवर मांडवात बसून राहायचे, आचाऱ्याला पात्याची नाली समजावत.

तर एक दिवस ती बादली गेली. मामींनी सगळी गल्ली डोक्यावर घेतली. संशय दूधवाल्यावर आला. मामा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "चोराचा काई भरवसा नाही." मी कढईत लाल रस डोळ्यांनी पाहिलेला, पण मामांनी ताकास तूर लागू द्यायची नाही असं बजावलं होतं. ठेचा त्या घरचा आणि गुपितही त्याच घरचं, अशा कात्रीत मी काही दिवस खाली मान घालून जेवलो.

लाल बैठकी मात्र झकास उतरल्या. पातं खाचेत बसवायचं, दोन बोल्ट आवळायचे, झिजलं की बोल्ट सैल करून नवं घालायचं. मामांनी वरून उड्या मारल्या तरी त्या मोडल्या नाहीत. फक्त एकच गोष्ट सगळ्या गल्लीला दिसली. डावी बैठक उजवीपेक्षा चांगली दोन बोटं उंच होती. ती जोडी बांधून मामा लादीशेजारी उभे राहिले, तर एका बाजूला कलंडलेले. बघ्यांना ऊतच आला.

"मामा, नाचता येईना अंगन वाकडं आयकलं होतं," समोरचा शिंपी म्हणाला. "इथं त बूटच वाकडा."

"साच्यात चूक झाली काय?" मी हळूच विचारलं.

"चूक?" मामा पट्ट्या सोडत म्हणाले. "बैठक येगळी केली कायच्यासाठी मंग?"

मला काही कळलं नाही. मामांना घाई झाली होती एवढं मात्र दिसत होतं. दिवाळी जवळ आली होती आणि दिवाळीनंतर बर्फाचा कारखाना थंडी सरेपर्यंत बंद व्हायचा. कारखानदार शेठच्या मशीनची दुरुस्ती मामा वर्षभर फुकट करायचे, त्या बदल्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. बंद व्हायच्या दिवशी दुपारी उरलेल्या लाद्या कारखान्याच्या फरशीवर अंथरू द्यायच्या आणि फाटक लावून घ्यायचं. ती दुपार हुकली तर गोष्ट पुढच्या सालावर गेली. आणि मामा म्हणाले, "पुढच्या साली गुडघे असतीन का नाही, कोनाले माहीत."

त्या दुपारी आम्ही दोघांनी लाद्या एकीला एक भिडवून मांडल्या, फटींत बर्फाचा चुरा ठोकला, वरून मामांनी रंधा फिरवला. दोन बैलगाड्या लागोपाठ उभ्या राहतील एवढं मैदान झालं. मला वाटलं, आता मामा घसरणार. मामा म्हणाले, "थांब, आलोच," आणि सायकलरिक्षातून मामींना घेऊन आले.

मामी रिक्षातूनच बोलत आल्या. "शेठानं मले कायले बलावलं? चुलीवर वरन टाकून आली मी. तुमचं येक डोकं ठिकानावर नाही त..."

बर्फ दिसला आणि त्या थांबल्या. मामांनी पिशवीतून बाजारातले लहान मापाचे काळे बूट काढले आणि मामींच्या पायांशी बसून त्यांना लाल बैठकी आवळू लागले. उंच बैठक डाव्या पायाला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"मी पडन," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"मी हाये न."

"अवो, या वयात? लोक काय म्हनतीन?"

"फाटक लावेल हाये," मामा म्हणाले. मग पट्टा ओढता ओढता, वर न बघता बोलले, "शिमल्याले तुले नेलं होतं, त तू कठड्याले धरून उभी होती. दिवस बुडेपर्यंत हालली नाही. मले म्हनली, इथं कोनी पाय उचलतच नाही, मंग कोनाचा आखूड हाये, कोनाले समजन?"

"तुमच्या ध्यानात हाये ते?" मामी म्हणाल्या.

मामांनी आपल्या रबरी चपलांवर गोणपाट गुंडाळलं, मामींचे दोन्ही हात धरले आणि पाठमोरं चालत त्यांना बर्फावर घेतलं. मामी ताठ उभ्या राहिल्या. दोन्ही खांदे एका रेषेत. त्यांची उंची मामांच्या भुवईला लागते हे मला त्या दिवशी समजलं. मामा एक एक पाऊल मागे जात होते आणि मामी नुसत्या पुढे येत होत्या, पाय न उचलता. पहिल्या फेरीला त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते. नंतरच्या फेरीला उघडले. मग म्हणाल्या, "हात सोडा."

"पडशीन."

"सोडा म्हनलं न."

मामांनी सोडले. मामी एकट्या गेल्या, थोड्याच, पलीकडच्या भिंतीपर्यंत. भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या आणि लहान मुलीसारख्या हसायला लागल्या. मला इतका आनंद झाला की शेठच्या कारखान्यात मी एकटाच टाळ्या वाजवत सुटलो. मामांनी वाजवल्या नाहीत. ते पंच्यानं तोंड पुसत होते, आणि पुसणं बराच वेळ चाललं.

परत येताना मामींनी पायांकडे बघितलं. आता त्यांना घाई नव्हती, म्हणून नीट बघितलं. मग भुवया वर गेल्या.

"हा रंग त माह्या बादलीचा हाये."

मी दाराकडे बघू लागलो. मामा म्हणाले, "हाये."

"तुमी म्हने चोरानं नेली?"

"चोरानंच नेली होती," मामा म्हणाले आणि पुन्हा हात पुढे केले. "वापस आनून देल्ली त्यानं. घे, अजून येक चक्कर. बर्फ पातळ होऊन राह्यला."