गंधे सरांच्या फियाटला कापूस फुटतो

रंग कधी उडत नसतो, तो फक्त झाकला जातो, असं नंदकिशोर गंधे सरांचं मत होतं. पांढरकवड्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असल्यामुळे त्यांना स्वतःचं कुठलंही मत सिद्धान्तासारखं वाटायचं. या सिद्धान्ताचा विषय अंगणात उभा होता. ती फियाट आणली तेव्हा निळी होती, असं आरसी बुकात लिहिलेलं होतं. एरवी कोणी विश्वास ठेवला नसता. टपावर राखुंडी सांडल्यासारखा रंग, बॉनेटवर कोडासारखे चट्टे. कबाडीवाला बाबुलाल फाटकाशी थांबून तिच्याकडे असा बघायचा, जसं डॉक्टरांनी आशा सोडलेल्या नातेवाइकाकडे बघतात.

सुनीतीबाईंना त्या जागी झोपाळा हवा होता. तशात त्यांच्या भाच्याचं, मंदारचं लग्न ठरलं. वऱ्हाड मारेगावला जाणार होतं. मंदारच्या वडिलांनी, म्हणजे सलीलने, नवरदेवासाठी नागपूरहून नवी कोरी गाडी सांगितली होती. सरांनी भर बैठकीत जाहीर केलं की नवरदेव फियाटमधूनच जाईल. मंदारचं त्या गाडीशी जुनं नातं होतं, लहानपणी तो दर प्रवासात तिच्यात ओकलेला होता. तो नाही म्हणू शकला नाही.

बैठक उठल्यावर सुनीतीबाईंनी आपली अट सांगितली. "मंदार तिच्यातून मांडवापर्यंत पोचला, तर गाडी राहील. नाही पोचला, तर दुसऱ्या दिवशी बाबुलाल."

सरांनी शब्द दिला.

त्या साली कापसाला भाव नव्हता, पण सल्ल्यांचं पीक जोरदार आलं होतं. शेतकऱ्यांनी काय पेरावं हे सांगायला दर आठवड्याला एक समिती जिल्ह्यात येऊन, जेवून जात होती. त्याच हवेत सरांनाही सगळ्या कॉलनीने सल्ले दिले. सरांनी कोणाचंच ऐकलं नाही. रबिंग कंपाउंडचा डबा आणला, जुनं धोतर फाडलं आणि दिवसभर गाडी घासली. संध्याकाळपर्यंत मळकट पाणी निथळून गेलं आणि खालून निळीशार फियाट निघाली. ज्यांनी सल्ले दिले होते ते आपापल्या बायकोला बोलावून दाखवू लागले. बाबुलाल फाटकाशी आला, आणि न थांबता पुढे गेला.

इथे सर थांबले असते तर बरं झालं असतं. पण आता या रंगाला संरक्षण हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं. बाजारात मेणाचं पॉलिश मिळत होतं. त्याच्या डबीवर लिहिलं होतं, पातळ लावा आणि कोरड्या फडक्याने पुसून काढा. सरांना हा सरळ सरळ कंपनीचा डाव वाटला. त्यांनी जंगलातलं मधमाशांचं मेण मिळवलं, ते जवसाच्या तेलात कढवलं आणि पोतारा फिरवावा तसे गाडीवर थरावर थर चढवले. काचा तेवढ्या सुनीतीबाईंनी मध्ये उभं राहून वाचवल्या. हे पुसायचं नाही का, असं त्यांनी विचारून पाहिलं.

"लावलेलं पुसायचं, तर लावायचं कशाला?" सर म्हणाले.

जवसाचं तेल उन्हाळ्यातसुद्धा सावकाश वाळतं. माघाच्या थंडीत तर ते नुसतं विचार करत बसतं. लग्नाच्या सकाळी गाडीला हार बांधायला दोराच लागला नाही, झेंडू टेकवला की चिकटायचा. सुनीतीबाईंचा तळहात दारावर बसला तो निघताना पंजा ठेवून निघाला. सर म्हणाले, हे तर मजबुतीचं लक्षण.

वऱ्हाड निघालं. पुढे फियाट, तिच्यात सर, शेजारी सुनीतीबाई आणि मागच्या सीटवर मंदार; मागे सलीलची भाड्याची चकचकीत गाडी आणि तिच्यामागे पाहुण्यांची बस. मारेगावच्या अलीकडे सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी कापसाचं खरेदी केंद्र होतं, आणि तिथे बैलगाड्यांची रांग रस्त्यावर आली होती. फियाट बरोबर रांगेच्या मधोमध अडकली. वारा सुटलेला, गाड्या भरभरून कापूस. गाड्यांवरचा कापूस तर उडत होताच, जिनिंगमधून निघणारे बारीक तंतूही हवेत तरंगत होते. या सगळ्याला कुठेतरी बसायचं होतं. सर आत बसून सिद्धान्त सांगत असताना बाहेर टप पांढरा झाला, मग बॉनेट, मग दारं. शेवटी ती फियाट चष्मा लावलेल्या मेंढीसारखी दिसू लागली.

"आतोबा," मागून मंदार मुंडावळ्या सारत म्हणाला, "गाडीला काहीतरी होऊन राह्यलं."

तेवढ्यात केंद्रावरचा, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर रांग तपासत आला. सकाळपासून त्याने इतका कापूस पाहिला होता की मान वर करायचं त्याने सोडून दिलं होतं. त्याने फियाटच्या बॉनेटवरचा चिमूटभर कापूस उपटला, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ताणला आणि म्हणाला, "ओलावा जास्त आहे. वाळवून आणा." आणि पुढे गेला.

कोणी आपल्या कामाला नापास करण्याची सरांना सवय नव्हती. ते तावातावाने खाली उतरले. शेजारच्या बैलगाडीवर उकंडा नावाचा शेतकरी बसला होता. त्याने सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनावर नका घेऊ, सर. मले बी सोमवारपासून असंच म्हणून राह्यला." मग त्याने गाडी नीट पाहिली, आत बसलेला नवरदेव पाहिला आणि त्याचा आवाज चढला. "पाहा रे! ह्या माणसानं आपल्यासाठी घरच्या लग्नात गाडीले कापूस डकवून आणला!"

सर खुलासा करणार होते. पण आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्यांचं भाषण न ऐकता टाळ्या वाजवत होते, आणि माणूस अशा वेळी थोडा थांबतो. तेवढ्यात गाड्या बाजूला घेऊन वाट मोकळी झाली आणि बैल सोबत्यांच्या हवाली करून अर्धी रांग फियाटच्या मागे लागलीसुद्धा. भावाच्या घोषणा सुरू झाल्या. सलीलची गाडी आणि बस त्या गर्दीच्या पाठीमागे राहिली.

मारेगावच्या वेशीवर हवालदाराने शिट्टी फुंकली. मोर्चाची परवानगी दाखवा, म्हणाला. मग आत वाकून त्याने मंदारकडे बराच वेळ पाहिलं.

"हा नवरदेव कशाचं प्रतीक आहे?"

"नवरदेवाचं," सुनीतीबाई म्हणाल्या.

हवालदाराने ते वहीत टिपून घेतलं. मोर्चा कुठे जाणार, असं त्याने विचारलं. मंगल कार्यालयात, हे ऐकताच त्याचा चेहरा उजळला. "तहसीलवर नाही ना? मग चला!" आणि मोटारसायकल पुढे घालून, बाजारातली गर्दी हटवत त्याने फियाट थेट मांडवाच्या दारात नेऊन सोडली.

मुलीच्या वडिलांनी मोर्चा पाहिला, घोषणा ऐकल्या आणि आचाऱ्याला आणखी एक कढई चढवायला सांगितलं. मुहूर्त अचूक साधला गेला. अक्षता पडल्यावर सलीलची चकचकीत गाडी पोचली. उकंडा पंगतीत बसला आणि जिलबी मोडत म्हणाला, आंदोलन असावं तं असं.

सरांनी पैज जिंकली होती. परतीच्या वाटेवर त्यांनी सुनीतीबाईंना तिची अनेकदा आठवण करून दिली.

होळीपर्यंत ऊन तापलं आणि जवसाचं तेल एकदाचं वाळलं. असं वाळलं की कापूस आता मुळापासून खरवडूनही निघेना. रॉकेल झालं, उकळतं पाणी झालं. गल्लीतल्या शेळ्यांना पत्ता लागला. त्या रोज सकाळी फाटक ढकलून येत, पुढचे पाय बॉनेटवर ठेवत आणि डिकीपर्यंत चरत जात. मुलं गाडीला कान लावून, ती बें करते का ते पाहत. शेवटी सरांनी, सुनीतीबाई माहेरी गेल्याचं पाहून, स्वतःच बाबुलालला बोलावलं.

बाबुलाल आला. गाडीभोवती फिरला. दारावरचा चिमूटभर कापूस उपटून त्याने दोन्ही अंगठ्यांत धरून ताणला.

"लोखंड असतं तं नेलं असतं, सर," तो म्हणाला. "कापूस मी घेत नाही. यंदा भाव नाही."

फियाट अजून अंगणात आहे. तिच्या टपावर सुनीतीबाई पापड वाळत घालतात. गंधे सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, खालचा निळा रंग अगदी जसाच्या तसा आहे, फक्त झाकला गेलाय.