गिऱ्हाईक चालवून बघणारे आप्पा

बैल घेताना माणसं तो चालवून बघतात. आमच्या शेजारचे सोपानआप्पा गिऱ्हाईक चालवून बघायचे. कुणी त्यांची मोटारसायकल विकत घ्यायला आलं की आप्पा ओट्यावर बसूनच म्हणायचे, "त्या लिंबापात्तुर जाऊन या." मग डोळे बारीक करून त्याची चाल बघत राहायचे. पुण्याहून मोटारीतून आलेली, गॉगल लावलेली माणसं आमच्या न्हावऱ्याच्या गल्लीत अशी लिंबापर्यंत जाऊन परत येताना मी खिडकीतून पाहिलीत. तोंडाला पदर लावून हसायचे मी.

"चालण्यात काय दिसतं हो आप्पा?" एकदा विचारलं.

"टाच आपटतोय, वैनी. असला माणूस गिअर तुडवतो."

आप्पांचे वडील मेंढरं राखायचे. आप्पा दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर झाले आणि रिटायर होऊन एकटेच गावी परतले. लग्नाचं विचारलं तर म्हणायचे, "शिफ्टमधी राहून गेलं." येताना टेम्पोत दोन ट्रंका आणि लिलावात भंगार म्हणून घेतलेली, लढाईच्या काळातली विलायती मोटारसायकल. मोटारसायकल कसली, गंजाची दोन पोती होती. आप्पा तिला 'जित्राब' म्हणायचे, गुराढोरांना म्हणतात तसं.

नऊ वर्षं ते जित्राब जगवत होते. जो भाग मिळायचा नाही तो आधी लाकडात कोरायचे, मग मांडीवर घेऊन एस.टी.नं दौंडला जायचे आणि ओळखीच्या लेथवर तसाच लोखंडाचा करून आणायचे. कुठला नट कुठे बसतो याचा एक कागद नव्हता, सगळं डोक्यात. माझी चहाची गाळणी पेट्रोल गाळायला नेली. परत दिली ती घासूनपुसून, पण तिच्यातून पुन्हा चहा गाळायची माझी काही हिंमत झाली नाही.

आणि खरं सांगते, गाडी पहिल्यांदा चालू झाली तेव्हा मी अंगणात धान्य पाखडत होते. सूप हातातच राहिलं. मेलेलं लोखंड ते, आणि असं संथ, भरल्या छातीनं बोलायला लागलं. माझा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला, देवळात जातो तसा.

पुढं आप्पांचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी किक मारायची नाही म्हणून सांगितलं. महिनाभर आप्पा नुसती गाडी पुसत होते. मग एक दिवस म्हणाले, "उभं जित्राब आतनं सडतं, वैनी. जित्तं हाय तवरच चांगल्या हाती गेलं पायजे."

पण चांगला हात सापडेना. भांडगावजवळच्या एका हॉटेलवाल्याला ती हॉटेलापुढं लायटिंग करून उभी करायची होती. आप्पा म्हणाले, "मग म्हैस न्या, उभीच ऱ्हाती." दुसरा म्हणाला, हॉलमध्ये ठेवीन. "बांधूनच ठिवायची तर मी काय वाईट हाय?" वर्ष गेलं, आणि आप्पांच्या तोंडावरची काळजी मला दिसायला लागली.

मग आले दौंडचे साळवे सर, शाळेत विज्ञान शिकवणारे, एस.टी.नं. त्यांनाही लिंबापर्यंत धाडलं. अर्ध्या वाटेत सर वाकले, धुळीतून एक खिळा उचलला आणि खिशात टाकून पुढं गेले, कुणाच्या चाकात जाऊ नये म्हणून. आप्पा उठून उभे राहिले.

"वैनी, च्या टाका."

पुढच्या रविवारी गाडी न्यायचं ठरलं. आप्पांनी मला हळदकुंकू आणायला लावलं. मी हेडलाइटला कुंकू लावलं, ओवाळलं. नारळ फुटला. सर गाडीवर बसले आणि बघतात तर डाव्या हाताची मूठ नुसतीच लुळी.

"आप्पा, क्लचवायर कुठंय?"

"माझ्या खिशात."

"ती का काढली?"

"जनावर इकलं तरी दावं घरीच ठिवत्यात, सर. आमच्यात दावं देत न्हाईत."

"अहो, मग मी नेऊ कशी?"

"नवं दावं घेणाऱ्यानं आणायचं."

सर बिचारे शिरूरला जाऊन नवी वायर घेऊन आले. ती या गाडीला कशी बसणार? दीड वीत जास्तच लांब. मग आप्पांनीच ती मापात कापली, टोकं झाळून दिली, बसवली, काढली, पुन्हा बसवली. अर्ध्या तासाचं काम, पण उन्हं कलेपर्यंत चाललं. सर घड्याळ बघत नव्हते. मीही दोनदा चहा केला.

गाडी वळणाआड गेली तसे आप्पा आत गेले आणि दार लावून घेतलं.

आठ दिवसांनी आमचा फोन वाजला. गल्लीत फोन आमच्याच घरी, सगळ्यांचे निरोप तिथंच यायचे. साळवे सर आप्पांना बोलवा म्हणाले. हाक मारली तर आप्पा लगेच आले नाहीत. आले ते धुतलेला सदरा घालून, टोपी सारखी करत.

"बोला, सर… दुसऱ्या किकला? न्हाई, पयल्या किकला लागली पायजे. पेट्रोल सोडल्यावर पाच अंक मोजा, मंग मारा."

मग बराच वेळ ते रिसीव्हर कानाशी दाबून भिंतीकडं बघत राहिले. पलीकडून येणारा गाडीचा तो संथ आवाज मला दारातही ऐकू येत होता.

फोन ठेवून म्हणाले, "बरी हाय."

आमच्याकडं फोन येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आप्पांसाठी कुणी केलेला हा पहिलाच.

उंबऱ्यात ते थांबले. "सर रईवारी पुन्यांदा करतो म्हनलेत. तुमी रईवारी घरी असता न्हवं?"

रविवारी मी माहेरी जाणार होते, पिशवीसुद्धा भरून ठेवली होती.

म्हटलं, "असते की."